साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास

कीबोर्डची मापं टक्क्यांत सांगायची पद्धत ज्याने पाडली, त्याच्या घरात दहावीचा निकाल कधी लागलेला नसणार. बँकेत, तलाठी कार्यालयात दिसतो तो १०४ बटणांचा कीबोर्ड म्हणजे शंभर टक्के. त्याच्या उजव्या अंगाचा आकड्यांचा चौकोन कापला की ८७ बटणं उरतात. त्याला म्हणायचं टेन-की-लेस, लाडाने टीकेएल. तिथून पंचाहत्तर टक्के, पासष्ट टक्के, साठ टक्के असं छाटत खाली यायचं. चाळीस टक्क्यांचेही कीबोर्ड मिळतात. त्यांत आकड्यांची ओळसुद्धा नसते, आणि ते वापरणारी माणसं नोकरीधंदा करून राहतात म्हणे.

आमच्याकडे टक्के म्हणजे मार्क. त्यामुळे पुतण्याने रात्री जेवताना "मला गेमिंगसाठी साठ टक्केवाला हवाय" असं जाहीर केलं, तेव्हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, घास हातातच राहिला.

"साठ म्हणजे काठावरचा फर्स्ट क्लास. पंचाहत्तरला डिस्टिंक्शन मिळत असताना साठावर कशाला थांबायचं?"

"आजोबा, यात कमी तेवढं चांगलं असतं."

हे वाक्य आमच्या घराण्यात यापूर्वी कुणी उच्चारलेलं नव्हतं. अण्णांची हयात सहकारी बँकेत गेली. आता ते सोसायटीचे खजिनदार आहेत. त्यांनी जेवण उरकून कागद-पेन घेतलं आणि हिशेब मांडला. साठ टक्केवाल्याची बटणं ६१. भागिले १०४. आले ५८.६५. "म्हणजे साठसुद्धा नाहीत. सव्वा टक्क्याहून जास्त ग्रेस दिलाय." मग पंचाहत्तरवाला घेतला. त्याची बटणं साधारण ८४, म्हणजे ८०.७७ टक्के. "आणि इथे पावणेसहा टक्के कापले. कोण तपासतं हे पेपर?" यावर पुतण्याकडे उत्तर नव्हतं. जगातल्या कुठल्याच कीबोर्ड कंपनीकडे ते नसावं, कारण ही टक्केवारी अंदाजपंचे पडलेली आहे.

पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्याकडे डोंबिवलीला राहतो. घरात डेस्कटॉप एकच. त्यावर रात्री तो व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळतो, दुपारी अण्णा सोसायटीची खाती लिहितात, आणि उरल्या वेळात मी माझे लेख टंकतो. कॉम्प्युटरचं टेबल हॉलमध्ये, आणि हॉलमध्येच आई झोपते. कॉम्पॅक्ट कीबोर्ड कसा निवडावा यावर इंटरनेटवर जेवढे शहाणे बोलतात, त्या सगळ्यांनी एक गोष्ट धरून ठेवलेली असते. खेळाडू एकटा राहतो, त्याला स्वतंत्र खोली आहे, आणि रात्री एक वाजता त्या खोलीत काय वाजतं याच्याशी कुणाचं देणंघेणं नाही. असा खेळाडू मी अजून डोंबिवलीत पाहिलेला नाही.

पुतण्याचा मूळ मुद्दा मात्र बिनतोड होता. गोळ्या झाडायच्या खेळांत नेम अचूक बसावा म्हणून मुरलेले खेळाडू माउस मुद्दाम मंद ठेवतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये माउस ४०० डीपीआयवर आणि सेन्सिटिव्हिटी २ वर ठेवली, तर स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यायला माउस ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो. पाठीमागून कुणी आलं तर नुसतं वळून बघायला २६ सेंटिमीटर. आमचं टेबल तीन फुटी. त्यावर डावीकडे राउटर, उजवीकडे प्रिंटर, मध्ये जवळजवळ ४३ सेंटिमीटर लांबीचा कीबोर्ड. माउसच्या वाट्याला वीतभर जागा. शत्रू मागून आला की पुतण्याचा माउस आधी प्रिंटरवर आदळायचा, मग पुतण्या मरायचा. कीबोर्डच्या एका बटणाची जागा ठरलेली असते, १९.०५ मिलिमीटर. साठ टक्केवाला अशा पंधरा बटणांच्या रुंदीत मावतो, म्हणजे २८.६ सेंटिमीटर. उजवीकडे सव्वाचौदा सेंटिमीटर मोकळे.

डोंबिवलीत सव्वाचौदा सेंटिमीटर जागा निघते म्हटल्यावर बायको पहिल्यांदाच चर्चेत उतरली. "तिथे मिक्सर बसेल का?"

आता या मोकळ्या जागेची किंमत. साठ टक्क्यांचा कीबोर्ड म्हणजे चाळीतली खोली. अक्षरं, आकडे, शिफ्ट, एंटर एवढ्यांना राहायला जागा आहे. बाकी सगळी सोय बाहेर, सामायिक. बाणांची चार बटणं, एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह, डिलीट, होम, एंड यांना स्वतःचं दार नाही; कोपऱ्यातलं एफएन नावाचं बटण दाबून धरायचं आणि जिन्याखालच्या नळावर नंबर लावावा तसं त्यांच्याकडे जायचं. कोण कुठे राहतो हे बटणाच्या अंगावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, किंवा नसतं. एस्केप आणि टिल्ड एकाच खोलीत पोटभाडेकरू. काउंटर-स्ट्राइकमध्ये टिल्डने कमांड लिहायची खिडकी उघडते. साठ टक्केवाल्यावर त्यासाठी एफएन धरून एस्केप दाबायचं, आणि घाईत एफएन निसटलं तर खिडकीऐवजी मेनू उघडतो आणि शूर शिपाई शत्रूसमोर सेटिंग वाचत उभा राहतो. पासष्ट टक्केवाल्याला बाणांपुरती गॅलरी काढून दिलेली असते. पंचाहत्तरवाल्यात एफची पूर्ण ओळ, म्हणजे संडास घरात. टीकेएल हा सुटसुटीत वन बीएचके. शंभर टक्के म्हणजे ज्यात आपण आत्ता राहतो आणि ज्याच्या एका खोलीत नुसत्या जुन्या गाद्या ठेवलेल्या असतात, तो.

अण्णांचं म्हणणं, ती गाद्यांची खोली नाही, ते त्यांचं ऑफिस आहे. अण्णांना त्या आकड्यांच्या चौकोनावर, म्हणजे नमपॅडवर, काम करताना एकदा तरी बघायला हवं. डाव्या हातात व्हाउचर, नजर व्हाउचरवर, उजव्या हाताचं मधलं बोट पाचच्या बटणावरच्या बारीक उंचवट्यावर. तिथून बोटं वर-खाली, आडवी पळतात, अंगठा शून्यावर, करंगळी एंटरवर. सोसायटीच्या २४ सदनिकांचा मेंटेनन्स, सिंकिंग फंड, पार्किंग, थकबाकीवरचं व्याज, हे सगळं चहा निवायच्या आत चढतं, आणि मान एकदाही खाली जात नाही. मी आणि पुतण्या जन्मात असं टाइप करणार नाही. अशा माणसाला वरच्या ओळीतले आकडे दाखवून "आजोबा, हे पण तेच आकडे" असं सांगणं म्हणजे तबलजीला डबा देऊन "ताल तोच" म्हणणं. शिवाय एक्सेलमध्ये खाना दुरुस्त करायला एफ-टू लागतो. साठ टक्केवाल्यावर त्यासाठी एफएन धरून दोन दाबायचं. एफएन निसटलं तर खान्यातली रक्कम पुसली जाऊन तिथे नुसता २ उरतो. चौथ्या मजल्यावरच्या सभासदाची थकबाकी दोन रुपये झाली, तर तो हरकत घेणार नाही. बाकीचे २३ घेतील.

मला वैयक्तिक वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. पूर्ण कीबोर्डवर दोघं मावत. मी आणि माझा भाऊ, म्हणजे या पुतण्याचा बाप, एकाच कीबोर्डवर मुस्तफा खेळत मोठे झालो. त्या खेळाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमने १९९३ साली काढलेला. पण भारतातल्या कुठल्याही पोराने त्याला त्या नावाने हाक मारलेली नाही. पिवळ्या टोपीवाला मुस्तफा, म्हणून खेळ मुस्तफा. मी डावीकडे अक्षरांवर, भाऊ उजवीकडे बाणांवर आणि नमपॅडवर, खांद्याला खांदा. भाऊ तीन बटणं एकदम दाबून धरायचा आणि माझा मुस्तफा जागच्या जागी थिजायचा. मग आमच्यात खरी मारामारी व्हायची. तो मुद्दाम करत नव्हता हे आता पुतण्यामुळे कळलं. स्वस्त कीबोर्डमध्ये आत रबरी चादर असते आणि बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर मांडलेली असतात. त्या जाळीच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली की चौथ्या कोपऱ्याचं काय झालं ते कीबोर्डला सांगता येत नाही, म्हणून तो गप्प बसतो. चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डात दर बटणाखाली स्वतंत्र स्विच आणि त्याच्या सोबतीला डायोड असतो. दहा बोटं एकदम ठेवा, दहाही नोंदली जातात. भावाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे त्या वेळी तू माझं बोट चावला होतास ते उगाच."

आज दोघांची बात संपली. खेळणाऱ्याचा डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर, उजवा माउसवर. ही चार बटणं खेळाडूंच्या बोटांत बसवण्याचं बरंचसं श्रेय डेनिस फाँग या अमेरिकन पोराला देतात. थ्रेश या नावाने तो खेळायचा. १९९७ साली क्वेक या खेळाची मोठी स्पर्धा तो जिंकला आणि बक्षीस म्हणून त्याला खेळाच्या निर्मात्याची, जॉन कारमॅकची, स्वतःची लाल फेरारी मिळाली. थ्रेश जे बटण दाबतो ते आपण दाबावं असं मग सगळ्यांना वाटलं. आमच्या पिढीला हा मुलगा माहीत असता तर "गेम खेळून पोट भरतं का" या प्रश्नाला एक बरं उत्तर मिळालं असतं.

मी मराठी इनस्क्रिप्ट पद्धतीने टंकतो. त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. गेमरची ही चार बटणं माझ्याकडे काय आहेत बघा. डब्ल्यू म्हणजे ऐकाराच्या दोन मात्रा. ए म्हणजे ओकार. एस म्हणजे एक मात्रा. आणि डी म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण. पुतण्या ज्या बटणाने उजवीकडे पळतो, त्याच बटणाने मी दिवसभर पाय मोडत असतो. त्यामुळे आमच्या जुन्या कीबोर्डवरची ही चार बटणं दोन्ही बाजूंनी घासून तुळतुळीत झाली होती, त्यांवरची अक्षरं तर कधीच गेली. स्वस्त बटणांचं प्लास्टिक एबीएस, ते बोटांच्या तेलाने लवकर चमकायला लागतं. पीबीटीची बटणं जास्त टिकतात. या एका मुद्द्यावर माझं आणि पुतण्याचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं. मतभेद एवढाच, की आल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेले की विंडोज भाषा बदलतं. मग पुतण्या पुढच्या खेळात चॅटमध्ये शत्रूची जागा कळवायला जातो आणि जगभरातल्या खेळाडूंना निराधार मात्रांची रांग दिसते. त्यातल्या एकाने विचारलं होतं, हा कुठला कोड आहे.

स्विचचा प्रश्न आला तेव्हा लॅमिंग्टन रोड गाठायचं ठरलं. त्या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर ते नाव घेऊन विचारलंत तर आयुष्यभर चालत राहाल. दुकानात काउंटरवर नऊ सुट्या स्विचची पट्टी ठेवलेली होती, दाबून बघायला. विक्रेता पोरगा विशीचा. त्याने आमच्या दोघांकडे बघितलं आणि एका दमात म्हणाला, "गेमिंगला रेड, टायपिंगला ब्लू, ठरत नसेल तर ब्राऊन." या एका वाक्यावर जगाचा निम्मा कीबोर्ड व्यापार चालतो. रंगांची ही भाषा चेरी नावाच्या जर्मन कंपनीच्या एमएक्स स्विचने रूढ केली. त्यांच्या पेटंटची मुदत संपली आणि चीनमधल्या गेटरॉन, काइल, औटेमू अशा कंपन्यांनी तसेच स्विच काढले, रंगही तेच ठेवले. त्यामुळे आज अडीच-तीन हजारांतही मेकॅनिकल कीबोर्ड हाती लागतो.

लाल स्विच सरळ खाली जातो, वाटेत अडथळा नाही. बोटाचं साधारण ४५ ग्रॅम वजन पुरतं. चार मिलिमीटरच्या प्रवासात दोन मिलिमीटरवर अक्षर उमटतं. तपकिरी स्विचला वाटेत एक बारीकसा खडा लागल्यासारखा वाटतो. निळ्यात तो खडाही आहे आणि आवाजही, कारण आत दांड्याचा एक सुटा तुकडा मुद्दाम आपटायला ठेवलेला असतो. खेळाला निळा गैरसोयीचा आणि त्याचं कारण नुसता आवाज नाही. निळा एकदा दाबला की पुन्हा दाबण्यासाठी तो जिथे अक्षर उमटलं त्याच्या बराच वर यावा लागतो. झटपट दोनदा दाबायला गेलं तर दुसऱ्यांदाचं मोजलंच जात नाही. चंदेरी स्विच तर १.२ मिलिमीटरवरच अक्षर उमटवतो. पुतण्याला तो फार आवडला. मी दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडलेल्या तशाच स्विचच्या कीबोर्डवर बोट ठेवून विचार करत उभा होतो, तेवढ्यात समोरच्या स्क्रीनवर ओळभर ककक झाले. लेखकाचं निम्मं काम बोट ठेवून विचार करणं हेच असतं, तेव्हा चंदेरी बाद.

निर्णयाआधी पुतण्याने एका मित्राचा निळ्या स्विचचा कीबोर्ड आठवड्याच्या बोलीवर आणला. आता आईची झोप उडणार आणि प्रश्न आपोआप सुटणार, अशी माझी अटकळ. रात्री साडेबाराला टकटकाट सुरू झाला. आतल्या खोलीतून अण्णा दोनदा खाकरले. आई हॉलमध्ये तशीच पडून होती. थोड्या वेळाने अंधारातून तिचा आवाज आला.

"दर तिसऱ्या अक्षराला मागे का जातोस रे?"

आई जिल्हा परिषदेत टायपिस्ट होती. मराठी ३० आणि इंग्रजी ४० च्या दोन्ही परीक्षा तिने टायपिंग इन्स्टिट्यूटच्या डुगडुगत्या रेमिंग्टनवर दिल्या. नोकरीत गोदरेज मिळाला. बॅकस्पेसचं बटण लांब असतं, त्याच्या दोन्ही टोकांचा तोल सांभाळायला तार असते आणि त्यामुळे त्याचा आवाज बाकीच्या बटणांपेक्षा निराळा येतो. आईला अंधारात पडल्या पडल्या पुतण्याच्या चॅटमधली एकेक चूक ऐकू येत होती. आवाजाने तिची झोप मोडली नाही. ताल चुकत होता, त्याने मोडली. सकाळी तिने स्वतः खुर्चीवर बसून एक परिच्छेद इंग्रजीत टाइप केला, मनगटं उचललेली, पाठ ताठ, दहाही बोटं आपापल्या घरी. बॅकस्पेस एकदाही वाजलं नाही. पुतण्या हातातला ब्रश तसाच धरून बघत राहिला. "हात हलका आहे याचा," ती कीबोर्डबद्दल म्हणाली. "पण ओळ संपताना घंटी वाजत नाही."

थोडक्यात, घरात निळ्या स्विचची एकमेव चाहती निघाली ती त्याच्यापासून पाच फुटांवर झोपणारी आई, आणि बंद दाराआड झोपणाऱ्या अण्णांनी त्याविरुद्ध लेखी तक्रार देण्याची भाषा केली. लेखी, कारण ते खजिनदार आहेत.

पुतण्याने यावर एक तिसराच मार्ग सुचवला, तो म्हणजे हॉल इफेक्ट. मला वाटलं हॉलमध्ये झोपणाऱ्यांवर होणारा परिणाम. तसं नाही. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली विजेवर चुंबकाचा जो परिणाम नोंदवला, तो हा. अशा स्विचच्या दांड्यात बारका चुंबक असतो आणि खाली तो किती जवळ आला हे मोजणारा सेन्सर. धातूला धातू लागतच नाही. अक्षर कितव्या मिलिमीटरला उमटावं ते आपण ठरवायचं. शिवाय बोट जरासं वर उचललं तरी बटण सुटलं असं धरायचं, याला रॅपिड ट्रिगर म्हणतात, आणि वूटिंग या डच कंपनीने ते खेळाडूंमध्ये गाजवलं. धावता धावता पाय एकदम रोवून नेम धरायला त्याचा खरोखर उपयोग होतो, हे मान्य. पुढे २०२४ साली रेझर या कंपनीने आणखी एक करामत आणली. ए धरलेला असताना डी दाबला तर कीबोर्डच ए सोडून देतो, खेळाडूने बोट उचलायची गरज नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने त्या खेळाच्या आपल्या सर्व्हरवर असल्या करामतींना बंदी घातली.

अण्णांनी हे लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे मुलगा डावीकडे पळतोय की उजवीकडे, ते कीबोर्ड ठरवतो?"

"एका अर्थी हो."

"मग याला कशाला बसवता? कीबोर्डलाच खेळू द्या. हा अभ्यास करेल."

त्यापाठोपाठ पोलिंग रेट आला. साध्या गेमिंग कीबोर्डला कॉम्प्युटर सेकंदाला हजार वेळा विचारून घेतो, महागड्याला आठ हजार वेळा. म्हणजे एका मिलिसेकंदाऐवजी अष्टमांश मिलिसेकंद. माणसाला समोर काही दिसल्यापासून बोट हलवायला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात, ते तसेच राहतात. आणि आमची इंटरनेटची वायर केबलवाल्याने शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून, तिथून नारळाच्या झाडाला एक वेढा देऊन आणलेली आहे. वारा सुटला की पिंग तीसवरून तीनशे मिलिसेकंदांवर जातो. पंधरा हजारांचा कीबोर्ड जे अष्टमांश वाचवून देईल ते नारळ एका झोक्यात परत घेईल. पैसे घालायचेच असतील तर झाडावर घाला, असं मी सुचवलं.

शेवटचा टप्पा वंगणाचा. मेकॅनिकल कीबोर्ड नुसता घेऊन भागत नाही, तो उघडून त्याच्या प्रत्येक स्विचला आतून ग्रीस लावणारी जमात आहे आणि आमच्या घरात तिचा एक सदस्य राहतो. क्रायटॉक्स नावाचं पांढरं ग्रीस येतं, नखाएवढ्या डबीत. पुतण्याने कीबोर्ड यायच्या आधीच सुटे स्विच मागवले आणि एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मांड ठोकली. स्विच उघडायला चार बारक्या कड्या. वरचं झाकण, क्रॉसच्या आकाराचं डोकं असलेला दांडा, स्प्रिंग, खालचा डबा आणि त्यात उभं एक तांब्याचं पातं. दांड्याच्या दोन्ही बाजूंना शून्य नंबरच्या ब्रशने ग्रीसचा हात असा फिरवायचा, की लावलं हे दिसता कामा नये. जास्त लागलं तर बटण झोपाळू होतं. पात्याजवळच्या पायांना लावायचं नाही, नाहीतर तपकिरी स्विचचा खडाच नाहीसा होतो. मग स्प्रिंग बसवायची, झाकण लावायचं, कानाजवळ नेऊन दाबून ऐकायचं. असे ८४. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही नखाएवढ्या डबीतला.

आईने विचारलं, "शिलाई मशिनचं तेल नाही का चालणार?" नाही म्हटल्यावर तिने ताट ओढून घेतलं, चष्मा लावला आणि न सांगता कामाला लागली. दोन तास ती दोघं काहीही न बोलता स्विच उघडत आणि मिटत होती. वाकलेल्या पायांचे स्विच तिने निवडून ताटाच्या कडेला लावले आणि पिन-चिमट्याने सरळ करून दिले. अण्णा मध्येच डोकावून गेले आणि प्रतिस्विच मजुरी किती पडते ते काढून गेले.

अखेर पंचाहत्तर टक्केवाला आला. अण्णांच्या मते डिस्टिंक्शन मिळालं. एफची ओळ आहे, बाण आहेत, माउसला जागा निघाली, मिक्सरला नाही. बटणं पीबीटीची. स्विच लाल, पण सायलेंट. त्यांच्या दांड्याला रबराच्या बारीक गाद्या असतात, त्यामुळे तळाशी आपटल्याचा आवाज दबतो. कीबोर्ड हॉट-स्वॅप घेतला, म्हणजे स्विच चिमट्याने उपटून दुसरा बसवता येतो, डाग द्यावा लागत नाही. त्याचा फायदा घेऊन आईच्या आग्रहाखातर बॅकस्पेसखाली एकच निळा स्विच बसवलेला आहे. चूक झाली की घरभर कळते. पुतण्याचं टायपिंग सुधारलं आहे, खेळ होता तिथेच आहे.

आणि नमपॅड. कापून टाकलेला तो चौकोन बाजारात सुटा मिळतो, १७ बटणांचा, यूएसबीला लावायचा. अण्णांनी तो घेतला. दुपारी टेबलावर येतो, संध्याकाळी खणात जातो. म्हणजे शंभर टक्के आम्ही जवळजवळ भरले, फक्त दोन बिलं करून.

तुमच्याकडे असा कुणी पुतण्या असेल तर साठ टक्केवाल्याचा हट्ट मोडून काढा. साठ फक्त त्याने घ्यावा ज्याचा कॉम्प्युटर दुसरं कुणी वापरत नाही. इतरांनी पंचाहत्तर किंवा टीकेएल. हॉल इफेक्ट, आठ हजारांचं पोलिंग आणि अठरा तऱ्हांच्या रंगीत दिव्यांच्या नादाला इंटरनेटची वायर नीट झाल्याशिवाय लागू नका. दुकानात स्विचची पट्टी मागून स्वतःच्या बोटाने दाबून बघा, आणि ज्याची झोप सावध आहे त्याला सोबत न्या. हॉट-स्वॅप असेल तर त्यात तीन पायांचे स्विच बसतात की पाच पायांचे, ते बिल करायच्या आधी विचारा. पाचवाले तीनच्या भोकांत बसत नाहीत; दोन पाय कटरने छाटावे लागतात, आणि छाटलेले स्विच दुकानदार परत घेत नाही.